शिंप्याचा विरक्त सदरा

कोपऱ्यावरच्या शिंप्याला पंचावन्नाव्या वर्षी कळलं, की आपण शिंपी नाही. वाचनालयाच्या हॉलमध्ये दर रविवारी वेदान्ताचा वर्ग भरायचा. तिथे प्रवचनकारांनी सांगितलं, "तुम्ही देह नाही, मन नाही, कर्ताही नाही. तुम्ही नुसते पाहणारे." शिंप्याने लगबगीने घरी येऊन बायकोला ही बातमी दिली.

"बरं झालं," शर्टाची काजं करता करता ती म्हणाली. "पण त्या पॅन्टी शुक्रवारी द्यायच्यात. कोण शिवणार?"

"घडायचं ते घडेल."

घडलं ते असं, की पॅन्टी तिनेच शिवल्या. पुढे एकदा त्याच्या डोळ्यांदेखत दूध उतू गेलं.

"अहो, समोरच बसला होतात ना?"

"होतो की. पहिल्या बुडबुड्यापासून पाहिलं. अगदी तटस्थपणे."

ओटा तिने पुसला. तेही त्याने तटस्थपणे पाहिलं.

अशात वर्गाचा वर्धापनदिन आला. सर्वांत विरक्त साधकाला प्रवचनकार व्यासपीठावर शेजारी बसवणार होते. चुरस दोघांत होती: शिंपी आणि एक निवृत्त पोस्टमास्तर. काळजीने शिंप्याची भूक मेली. ही विरक्तीच, असं वर्गात पसरेल याची त्याने व्यवस्था केली.

मग तो चक्क मशीनवर बसला आणि स्वतःसाठी जाडाभरडा सदरा शिवू लागला. सदरा असा हवा, की या माणसाला कपड्यांची शुद्धच नाही असं वाटावं. हे सोपं नव्हतं. कॉलर चारदा उसवली. खांद्यावरची सुरकुती काही केल्या आपोआप पडल्यासारखी दिसेना. अखेर जमलं. सदरा हँगरला लावून तो न्हाव्याकडे गेला, दाढी कितपत वाढलेली शोभेल ते विचारायला.

तेवढ्यात पोस्टमास्तर शर्ट न्यायला आले. त्यांचा शर्ट अजून कापडातच होता. बायकोने हँगरवरचा सदरा काढून दिला.

"अगं, तो माझा होता!" परतल्यावर शिंपी ओरडला.

"माझं-तुझं काही नसतं म्हणालात ना? मला वाटलं, खरंच नसतं."

वर्धापनदिनी व्यासपीठावर पोस्टमास्तर बसले. प्रवचनकार गहिवरून म्हणाले, "अंगावर काय आहे याचंही यांना भान नाही. ती सुरकुती पाहा!"

शिंप्याला राहवेना. "सुरकुती मी पाडलीय! सदरा माझा आहे!"

"माझा म्हणजे नक्की कोणाचा?" प्रवचनकारांनी शांतपणे विचारलं. हॉल खदखदून हसला. शिंपी तरातरा घरी गेला.

दुसऱ्या दिवशी ओशाळलेले पोस्टमास्तर सदरा अंगात घालूनच दुकानात आले. "परत करायला आलोय. पण काखेत फार काचतो हो. दोन तास हात हलवता येईना, लोकांना वाटलं समाधी लागली."

शिंप्याने बोलायचं बरंच काही ठरवून ठेवलं होतं. पण नजर काखेतल्या शिवणीवर गेली आणि ते सगळं राहून गेलं. "हात वर करा," तो म्हणाला. टेप फिरली, खडूची खूण पडली. त्याने शिवण उसवली, बोटभर कापड सोडलं, पुन्हा टीप मारली. अर्धा तास सदरा कोणाचा, शिवणारा कोण, काही म्हणजे काही आठवलं नाही.

"आता?"

पोस्टमास्तरांनी हात गरागरा फिरवला. "अंगावर काही आहे असं वाटतच नाही!"

"मग राहू द्या तुम्हालाच," शिंपी सहज बोलून गेला. बायको काजं सोडून त्याच्याकडे बघत राहिली.

पुढच्या रविवारी वर्गात उभं राहून त्याने त्या अर्ध्या तासाचा अनुभव सांगितला. पाऊण तास सांगितला. प्रवचनकारांना बोलायला वेळच उरला नाही.