मडक्याच्या तोंडातला तांदूळ

सोड्याची बाटली उघडण्याआधी राजलक्ष्मी ती कानाशी नेते.

कुणाच्या घरी पहिल्यांदा गेली की पाणी प्यायच्या निमित्ताने स्वयंपाकघरात शिरते आणि कुकरची शिट्टी काढून तिच्या भोकातून खिडकीकडे बघते.

चहा बशीत ओतून पिते. ऑफिसातही.

रिक्षातून उतरली की वळून सीट बघते, काही राहिलं का म्हणून. काही राहिलेलं नसतं.

'बघू' म्हणाली की काम झालं असं समजायचं. 'नक्की' म्हणाली तर दुसरा माणूस शोधायचा.

रागावली की आवाज खाली येतो. फार रागावली की 'तुम्ही' म्हणते.

एवढं मनालीला नोकरीच्या पहिल्या काही महिन्यांतच कळलं होतं. बाकीची राजलक्ष्मी कळायला मडकं यावं लागलं.

मनालीने मराठी साहित्यात एम. ए. केलं आणि रबाळ्याच्या एका प्लास्टिकच्या कारखान्यात लेबलं लिहायला लागली. 'झाकण घट्ट लावावे.' 'लहान मुलांच्या हाती देऊ नये.' आपली ग्रंथसंपदा ती हीच, असं ती घरी सांगायची. शेजारच्या टेबलावर राजलक्ष्मी बसायची. ती डब्यांची आणि झाकणांची डिझाइनं करायची. फिनेलच्या कॅनचं लाल झाकण तिचं. ते अख्ख्या मुंबईत कुठेही दिसायचं आणि ते दिसलं की ती तोंड फिरवायची.

राजलक्ष्मीचे वडील हौसेराव पाटणकडचे. तुर्भ्याच्या मार्केटात त्यांनी उभा जन्म पोती वाहिली. आता घणसोली गावात भाड्याच्या दोन खोल्यांत बापलेक राहतात. हौसेराव सकाळी उठताना आधी कुशीवर होतात, मग भिंतीला हात लावतात, मग बसतात. राजलक्ष्मी तेवढा वेळ मुद्दाम गॅसकडे तोंड करून उभी राहते. आपण बघतोय हे त्यांना आवडत नाही, हे तिला ठाऊक आहे.

एकदा वाशीच्या एका हॉटेलात मैत्रिणीचा साखरपुडा होता. मागच्या दाराशी स्टीलची पिंपं उतरत होती. अशा पिंपाला केग म्हणतात. सोडा, बिअर, असलं काहीही फेसाळ त्यात दाबून भरतात आणि वर नळ जोडला की ते ग्लासात येतं. राजलक्ष्मीने साडीचा पदर खोचला आणि एक पिंप उचलून पाहिलं. जेमतेम हललं.

"भरलेलं आहे का?" तिने विचारलं.

"रिकामं हाय, ताई," हमाल म्हणाला. "भरल्यालं उचलत न्हाय आमी. लोळवतो."

ती साखरपुड्यात परत गेलीच नाही. मैत्रीण अजून बोलून दाखवते.

तिथून प्लास्टिकच्या केगचं खूळ सुरू झालं. मोठ्या सोड्याच्या बाटलीसारखी ती फुगवायची. पण आतला दाब सगळीकडे सारखा बसायला पोट गोल हवं, आणि गोल पोटाची वस्तू उभी राहत नाही. मग तिने खाली एक कडं दिलं. पॅकिंगमधल्या बायजाबाईंनी पहिला नमुना पाहिला आणि नाव ठेवून टाकलं.

"ह्ये मडकं. आन् ही त्येची चुंबळ."

बायजाबाई दिघ्याला राहायच्या, मूळच्या कोरेगावच्या. कारखान्यातल्या सगळ्यात जुन्या त्याच. त्यानंतर केग हा शब्द फक्त कागदावर उरला.

खरी झटापट मडक्याच्या तोंडाशी होती. तिथे व्हॉल्व्ह. म्हणजे एक दारच. आत स्प्रिंग, स्प्रिंगवर रबराची चकती. नळ जोडला की चकती खाली दबते आणि पेय वर येतं. नळ काढला की चकती परत वर येऊन दार बंद करते. सांगायला एवढंच. या एवढ्यासाठी राजलक्ष्मीने किती रविवार घातले, ते हौसेरावांना विचारावं.

एक रिकामं मडकं ती घरी घेऊन गेली होती. हौसेरावांनी ते खांद्यावर घेतलं आणि गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन आले. ओट्यावरून कुणीतरी ओरडलं, "काय हौसेराव, पाणी गेलं काय गावचं?"

"पाणी न्हाय, लेकीचं डोकं हाय ह्ये," हौसेराव म्हणाले.

मडकं खाली ठेवून ते जरा उभे राहिले.

"कसं आहे?" राजलक्ष्मीने विचारलं.

"हलकं हाय. पर एवढ्या हलक्याची हमाली मागायची कुठल्या तोंडानं?"

ती मनालीला हे सांगताना इतकी हसली की बशीतला चहा ड्रॉइंगवर सांडला.

कारखान्याचे मालक चंद्रशेखर वाईट माणूस नव्हते. पण मडक्याच्या साच्याच्या खर्चाने त्यांना दमवलं होतं. शेवटी त्यांनी राजलक्ष्मीला समोर बसवून सांगितलं. महाप्यात कोकमाचा सोडा बनवणारे हितेशभाई मडकी बघायला तयार आहेत. शनिवारी भरायची. सोमवारी ते येतील. दाब टिकला तर साचा चालू. नाही टिकला तर साचा गोडाऊनमध्ये आणि राजलक्ष्मी परत झाकणांवर.

"चालेल ना?" त्यांनी विचारलं.

"बघू," राजलक्ष्मी म्हणाली.

शनिवारी चार मडकी साध्या सोड्याने भरली. दाब मोजायचा गेज लावला, काटा हवा तिथे होता. मडकी ओळीने मांडली. कारखान्यातून नवा माल बाहेर पडायचा असला की बायजाबाई त्याची पूजा करतात. त्या हळदकुंकू, अक्षता आणि नारळ घेऊन आल्याच. पुढे आल्या आणि थबकल्या. डब्याला कुंकू लावायचं म्हणजे कुठेही बोट टेकवायचं. पण हे गोल पोट, खाली चुंबळ, वर उघडं तोंड. हा तर कलश झाला. कलशाची पूजा तोंडाशी. त्यांनी पुढच्या मडक्याच्या तोंडाशी हळदकुंकू वाहिलं, चिमूटभर अक्षता टाकल्या, वर नारळ टेकवून नमस्कार केला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मनालीने फोटो काढला.

नारळ उतरवल्यावर राजलक्ष्मीने हळदकुंकू फडक्याने पुसलं. मग राहवेना म्हणून चारही मडक्यांना गेज पुन्हा लावून पाहिला. काटा जागेवर. तिने गेज काढला आणि खोलीला कुलूप घातलं.

सोमवारी कुलूप उघडलं तेव्हा मनाली तिच्याबरोबर होती. मागची तीन मडकी ठणठणीत. पुढच्याला गेज लावला आणि काटा निम्म्यावरही चढला नाही.

राजलक्ष्मीने गेज काढून ठेवला. तिने साबणाचं पाणी आणलं आणि ब्रशने मडक्याच्या तोंडाला लावलं. बारीक बुडबुडे आले. एकामागून एक, शांतपणे. उरलेला दाब सोडून तिने व्हॉल्व्ह खोलला. रबराच्या चकतीच्या कडेला तांदळाचा एक दाणा अडकला होता. लाल.

मनालीला आधी हसू आलं. मग आलं नाही.

"अक्षता," ती म्हणाली.

"हं. मी परत गेज लावला ना, तेव्हा चकती दबली. फटीत लपलेला आत गेला."

बाहेर चंद्रशेखरांचा आवाज येत होता. हितेशभाईंची गाडी गेटवर आली होती.

"राजी, ऐक," मनाली घाईने म्हणाली. "हे मडकं मागच्या खोलीत ठेवू. तीन दाखव. तीन पण पुष्कळ झाली. बायजाबाईंचं नाव पण निघणार नाही."

राजलक्ष्मीने दाणा तळहातावर घेतला. तिचा आवाज खाली गेला.

"मनाली, तुम्ही जरा दार उघडता का?"

मनालीने दार उघडलं.

हितेशभाई आत आले. गुटगुटीत, हसरे, हातात दोन मोबाइल. मागे चंद्रशेखर. त्यांच्या मागे चहाचा ट्रे घेऊन बायजाबाई, कारण पाहुण्यांना चहा त्यांनीच द्यायचा हाही नेम.

"बोला राजलक्ष्मीबेन. पास की नापास?"

"तीन पास. एक नापास," राजलक्ष्मी म्हणाली आणि तळहात पुढे केला. "हा आत गेला होता."

चंद्रशेखर पुढे वाकले. लाल दाणा बघून त्यांच्या कानशिलाची शीर उठली.

"कोणी टाकला हा?"

बायजाबाई ट्रेसकट पुढे आल्या. "म्या टाकला, साहेब. कलशाला वाहत्यात तशा वाहिल्या. माज्या ध्यानात न्हाय आलं…"

"ध्यानात नाही आलं? अहो, कितीची मशीन…"

"सर," राजलक्ष्मी म्हणाली. "चूक माझी आहे. तोंड मी उघडं ठेवलं. मडक्यासारखं दिसणारं तोंड उघडं ठेवल्यावर लोक त्यात काहीतरी वाहणारच. आज तांदूळ गेला. उद्या मार्केटात माती जाईल, गोण्यांची सुतळी जाईल. बायजाबाईंनी शनिवारी केलं म्हणून आज आपल्या खोलीत कळलं. नाहीतर गिऱ्हाइकाच्या हॉटेलात कळलं असतं."

मनालीला वाटलं, संपलं. आता हितेशभाई मोबाइल खिशात टाकतील, चहा न घेता जातील. भिंतीला टेकून ती उभी राहिली.

हितेशभाईंनी दाणा चिमटीत धरून उजेडाकडे नेला.

"बायजाबेन, माझी आई, बा, पण अशीच," ते म्हणाले. "नवा फ्रीज आला तर आतल्या अंड्यांच्या खणात कंकू. मी म्हणालो, बा, आपण अंडी खात नाही. म्हणते, म्हणून तर जागा मोकळी होती." त्यांनी बशीत बिस्किट मोडलं. "माझ्या गोडाऊनमध्ये पहिला माल उतरेल ना, तर आधी पूजाच होणार. चार माणसं ओरडली तरी होणार. तर मला तोंड बंद करून द्या. ही तीन मडकी रिकामी करा, गुरुवारी मी ती माझ्या गोडाऊनला कोकमाच्या सोड्याने भरतो, तिथे तुम्ही या. चौथं मडकं मागाहून बूच लावून आणा. मग बोलू पुढचं."

"म्हणजे साचा…" चंद्रशेखर म्हणाले.

"साचा काढून ठेवू नका आता. चहा फक्कड आहे, बेन."

बायजाबाईंनी ट्रे खाली ठेवून पदर डोळ्यांना लावला आणि लगेच चंद्रशेखरांना म्हणाल्या, "साहेब, तुमी पन घ्या की. बीपी वाढतंय नुसतं."

मनालीला त्या दिवशी एकही लेबल लिहिता आलं नाही. खरं बोलल्याने काम बिघडतं, हे तिला इतकं पाठ होतं की ते बिघडलं नाही याचा अर्थच लागेना. संध्याकाळी ती राजलक्ष्मीला म्हणाली, "मी सूचना लिहून देते. 'तोंडावर हळदकुंकू, अक्षता वाहू नये.' ठळक अक्षरात."

"कोण वाचणार?"

"वाचतील की."

"तू वाचतेस फिनेलच्या कॅनवरचं?"

"मी लिहिलंय ते."

"म्हणूनच विचारलं."

दुसऱ्या दिवशी राजलक्ष्मीने टेबलावर रिकामं मडकं ठेवलं, त्याला एक साधं बूच लावलं आणि बायजाबाईंना बोलावलं. "परत पूजा करा. शनिवारी केली तशीच."

"चेष्टा करती व्हय गं पोरी?"

"नाही हो. तुमचा हात कुठे जातो ते बघायचंय."

बायजाबाईंनी इकडेतिकडे बघितलं. मग हात धुऊन आल्या. हळद वाहिली, कुंकू वाहिलं. अक्षता वाहिल्या, त्या बुचावरून घरंगळून टेबलावर पडल्या.

"बगितलंस? ठरत न्हाईत," त्या म्हणाल्या. "वाहिल्यालं असं पायाखाली आलं की माझा जीव थाऱ्यावर राहत न्हाय. मग मी पुन्ना त्वांडातच घालनार, सांगून ठिवते."

राजलक्ष्मीच्या चेहऱ्यावर काहीतरी उमटलं. तिने पेन्सिल घेतली. बूच सपाट नको, वर वाटी हवी. हळदकुंकवाला, अक्षतांना बसायला जागा. जागा मिळाली की हात दुसरीकडे जाणार नाही. नळ जोडायचा तेव्हा बूच वाटीसकट उचलून बाजूला ठेवायचं.

"नारळ?" बायजाबाईंनी विचारलं.

"नारळपण बसेल."

"मग कर. झ्याक."

बुधवारभर ती वाटीवर अडली. वाटी उथळ केली की दाणे सांडत. खोल केली की त्यात सोडा साठणार, साखरेला मुंग्या लागणार. तिने प्लास्टिकच्या ठोकळ्यातून बुचं कातून घेतली. बायजाबाई प्रत्येकाला कुंकू वाहून बघत आणि नापास करत. पॅकिंगच्या बायका जेवणाच्या सुट्टीत मत द्यायला जमत. "तुमच्या नादात माझं कुंकू संपलं," असं बायजाबाईंनी चंद्रशेखरांना सुनावलं, तेव्हा त्यांनी स्वतः नवी पुडी मागवली.

गुरुवारी दुपारी ती पुन्हा कॉम्प्युटरसमोर बसली होती. इतक्यात फोन आला. हितेशभाईंचा टेम्पो खाली उभा होता, तीन मडकी चढवून झाली होती, गोडाऊनवर भरायला माणसं थांबली होती. राजलक्ष्मीने गेज पिशवीत टाकला, अर्धा चहा बशीत तसाच सोडला आणि धावली. मनालीने खिडकीतून पाहिलं. ड्रायव्हरशेजारी बसायचं सोडून ती मागे, मडक्यांजवळ चढली होती. टेम्पो वळताना तिने एका मडक्याच्या गळ्याभोवती हात टाकला.

मनाली वळली. स्क्रीन चालूच होता. बुचाचं ड्रॉइंग होतं. बाहेरचा व्यास लिहिलेला, मडक्याच्या तोंडात बसणाऱ्या भागाचं माप लिहिलेलं, बोटाने उचलायला दिलेल्या कडेची जाडी लिहिलेली. वाटीची खोली तेवढी लिहायची राहिली होती. तिथे नुसती रेघ होती, दोन्ही टोकांना बाण, आणि मध्ये मोकळी जागा.