शेवटच्या पिंपाचं झाकण

खोटी सही करणारा तुरुंगात जातो. मी खोटं अक्षर काढलं आणि मला भेट मिळाली. ती भेट अजून माझ्या कपाटात पडून आहे.

नव्वदच्या दशकात मी बहरीनमध्ये घरसामान हलवणाऱ्या कंपनीत सुतार होतो. आमचे मुकादम रत्नागिरीकडचे कोकणी मुसलमान, वयाने मोठे. सगळे त्यांना चाचा म्हणायचो. त्यांचा एक नियम होता. प्रत्येक लाकडी वस्तूवर खडूने नंबर टाकायचा आणि नव्या घरी ती जागेवर लागली की ओल्या फडक्याने पुसायचा. ‘लोकांच्या घरात आपली घाण ठेवायची नाय,’ असं ते म्हणत. माझा हात इतका सरावला होता की लाकडावर खडू दिसला की फडकं आपोआप फिरायचं.

एकदा एका म्हाताऱ्या इंग्रज साहेबाचं सामान उम्म अल हस्सम भागातल्या फ्लॅटमधून बुदैयाच्या व्हिलात नेलं. माणूस एकटाच. कपड्यांच्या दोन बॅगा आणि बीअरच्या जुन्या वस्तूंच्या एकोणीस पेट्या! त्याच्या पणजोबांनी इंग्लंडात नदीकाठच्या एका गावात बीअरचा कारखाना काढला होता. घोडागाड्यांतून पिंपं आसपासच्या गावांत जायची. तीन पिढ्यांनी तो चालवला, मग एका मोठ्या कंपनीने विकत घेतला आणि कुलूप लावलं. तांब्याची भली मोठी कढई भंगारात गेली. उरलंसुरलं साहेबाने गोळा केलं होतं: पत्र्याचे ट्रे, बाटल्यांची लेबलं, चिनी मातीचे जग, ग्लासाखाली ठेवायचे पुठ्ठे. आमच्या घरी दारूचं नाव काढलं तरी आई ताटावरून उठायची आणि इथे मी बीअरचे ट्रे देवाच्या भांड्यांसारखे पुसत होतो.

त्यातच पिंपाचं एक गोल लाकडी झाकण होतं, काचेच्या फ्रेममधलं. काच फुटू नये म्हणून ती मीच काढून वेगळी बांधली होती. दुसऱ्या दिवशी साहेब आमच्यासाठी चहा करायला आत गेला. मी झाकण उचललं, वर खडूचा आकडा आणि खाली दोन अक्षरं दिसली. फडकं फिरलं. मग फ्रेममध्ये बसवायला झाकण उलटं केलं, तर मागे चाचांच्या हातचा नंबर तसाच होता. मग पुढचा कुणाचा?

माझी पाचावर धारण बसली. खिशातला खडू काढला आणि आठवलं तसं लिहिलं. चारशे दहाच्या पुढचा आकडा होता, शेवटी आठ की तीन ते काही केल्या आठवेना. आठ काढला. अक्षरं जमली तशी वळवली, काच लावली, खिळ्याला टांगलं. बाहेरून चाचा ओरडले, “अरे खलास झालं का नाय? यल्ला, चल, रिकामे खोके गाडीत भरायचेत!”

साहेब चहा घेऊन आला तो थेट त्या झाकणापाशी. सावकाश, मला कळेल अशा इंग्रजीत त्याने सांगितलं. कारखान्याच्या शेवटच्या दिवशी शेवटचं पिंप त्याच्या वडिलांनी स्वतः भरलं, त्यावर आकडा आणि स्वतःची आद्याक्षरं खडूने घातली आणि पुन्हा त्या फाटकात पाऊल टाकलं नाही. वडिलांच्या हातचं तेवढंच त्याच्याकडे होतं. मी चहा प्यायलो. माझा व्हिसा कंपनीच्या हातात होता म्हणून गप्प बसलो, असं मी पुढे स्वतःला पटवलं. खरं म्हणजे मी भित्रा होतो, बाकी काही नाही.

त्यानंतर दोनेक वर्षं बारीकसारीक कामाला तो मलाच बोलवायचा. पाहुणे आले की त्यांना झाकणासमोर उभं करून म्हणायचा, “माझ्या वडिलांचं अक्षर.” मी तिथेच कुठेतरी बिजागऱ्या घट्ट करत असायचो. मला स्वतःची शिसारी यायची.

मग तो कायमचा इंग्लंडला निघाला. सामान बांधायला मी गेलो तेव्हा त्याने झाकण माझ्यासमोर ठेवलं. काचेचा काय भरवसा, म्हणाला. खडूवर लॅकरचा पारदर्शक थर मारून दे, म्हणजे तो कायमचा टिकेल. ब्रशने खडू फिसकटतो, म्हणून मी स्प्रेचा डबा आणला. तो शेजारी खुर्ची टाकून बसला.

सांगायची ही शेवटची वेळ होती. एकदा लॅकर बसलं की माझं खोटं कायमचं होणार होतं. मी डबा खाली ठेवला.

“सर…”

त्याने मान वर केली. “येस?”

“दार बंद करा, सर. धूळ येते.”

तो उठला, दार लावलं आणि परत येऊन बसला. मी लांबून हलका पहिला हात मारला. तो वाळेपर्यंत साहेबाने कारखान्याचं नाव कोरलेलं बाटली उघडायचं एक पितळी ओपनर माझ्या हातात ठेवलं. म्हणाला, माझ्या वडिलांची आठवण तू जपलीस.

मग झाकणाकडे बघून लहान पोरासारखा हसला. “आता हे कुणालाच पुसता येणार नाही.”

“नो, सर,” मी म्हणालो, आणि दुसरा हात मारला.