मुकी गेले, बोलत आले: लालबाग, गिरगाव, परळ

मुंबईत तोंड असेल तर काहीही अडत नाही, असं आमची आई म्हणायची. या खेपेला मी तोंडाला कुलूप लावून मुंबईला निघाले. स्वरतंतूवर आलेली गाठ काढून झाली होती. ती साधीच निघाली, त्यामुळे जिवाचा घोर मिटला होता. पण परळच्या डॉक्टरीणबाईंनी दम भरला होता की पुढच्या तपासणीपर्यंत एक शब्द बोलायचा नाही, कुजबुजायचंसुद्धा नाही. आवाज परत येईल का आणि आला तर कसा, हे त्या तपासणीतच कळणार होतं.

हा ब्लॉग पहिल्यांदाच उघडणाऱ्यांसाठी सांगते. मी वर्तमानपत्रात तंत्रज्ञानावर सदर लिहिते आणि रेडिओवर दर आठवड्याला त्याच विषयावर बोलते. जुना फोन टाकावा की दुरुस्त करावा, बँकेच्या नावाने कुणी गोड बोलू लागला तर काय करावं, असल्या गोष्टी. माझा चेहरा कुणाला माहीत नाही. रिक्षात बसून पत्ता सांगितला की रिक्षावाला मागे वळून बघतो, तेवढीच माझी प्रसिद्धी. म्हणजे आवाज गेला तर मीच गेले.

त्यात रेडिओच्या निर्मात्याने फार अदबीने एक तोड सुचवली होती. तशीच वेळ आली तर जुन्या कार्यक्रमांवरून यंत्राने तुमचा आवाज तयार करू, तुम्ही फक्त लिहून द्या. सोबत नमुना होता. घरातले सगळे ऐकून थक्क झाले. मी मात्र तो अर्ध्यावरच बंद केला. सोमवारनंतर कळवते, असं लिहून मी पुण्याहून शनिवारी सकाळची बस पकडली. तपासणी सोमवारी होती, पण लालबागच्या मामाने दोन दिवस आधी यायचं फर्मान काढलं होतं. शिवाय घरी नवरा माझ्याशी खाणाखुणांनी बोलायला लागला होता. मला ऐकू येतं, हे त्याला रोज लिहून दाखवावं लागत होतं.

बसने दादर पूर्वेला उतरा आणि तिथून लालबागला टॅक्सी करा, सामान असेल तर हेच सोयीचं. मी फोनमध्ये एक ॲप घेतलं होतं. आपण टाइप करायचं, ते मराठीत बोलून दाखवतं. या ॲपचं मी सदरात भरभरून कौतुक केलं होतं. आता ते वापरून बघायची पाळी आली. ‘पुढून डावीकडे घ्या’ हे टाइप करून होईपर्यंत ते डावं वळण मागे पडलेलं असायचं. ॲपने सांगितलं की ड्रायव्हर करकचून ब्रेक मारायचा. शेवटी तो म्हणाला, “मॅडम, मोबाईल को बोलो चुप बैठने को. आप हात दिखाओ.” मग हाताने आम्ही बरोबर पोचलो.

मसाल्याच्या दिवसांत लालबागला जाताना एक गोष्ट ध्यानात ठेवा, जी मी ठेवली नाही. एप्रिलमध्ये इथल्या मिरचीच्या गल्लीत अख्ख्या मुंबईचा वर्षाचा मसाला होत असतो. भाजलेल्या मिरचीचा खाट असा उठतो की दगडालाही ठसका लागेल. आणि मला खोकायचीही बंदी होती. मी ओढणीने नाकतोंड बांधून, डोळ्यांतून धारा गाळत ती गल्ली पार केली. एका दुकानदाराने माझी दया येऊन स्टूल पुढे केलं. मला वाटतं, माझ्या घरी कुणी गेलं असावं असा त्याचा समज झाला.

मामा-मामींची चाळ पडून तिथे आता उंच इमारत झालीय. लिफ्ट, सीसीटीव्ही, सगळं आहे. पण दार उघडंच असतं आणि शेजारीण न विचारता आत येते. या घरावर माझं अर्धं करिअर उभं आहे. कुठलंही नवं यंत्र आलं की मी आधी मामीच्या हातात द्यायची. तिला न विचारता वापरता आलं तर सदरात चांगलं लिहायचं. मामाच्या हाती द्यायची सोय नव्हती. मामाचा सगळा जन्म गिरणीत यंत्राशेजारी गेला, पण यंत्राशी बोलणं त्याला पटत नाही. आवाजी संदेश पाठवायला मी त्याला किती वेळा शिकवलं असेल. त्याचं उत्तर ठरलेलं, “समोर माणूस नाय तर बोलाचा कोणाक गो?”

रविवारी मन रमवायला एकटीच गिरगावला गेले. दादरहून आता भुयारी मेट्रोने सरळ जाता येतं, उन्हाळ्यात तर जरूर तिनेच जा. माझं पहिलं सदर एका साप्ताहिकात आलं होतं, त्याचं कार्यालय इथल्या एका गल्लीत होतं. ‘संगणक घरात घ्यावा का?’ असा त्याचा मथळा होता, आणि तेव्हा माझ्या स्वतःच्या घरात संगणक नव्हता. तिथे आता मोबाईलची कव्हरं विकतात. मला वाईट वाटायला हवं होतं, पण हसू आलं. हसायलाही आवाज लागतो, म्हणून नुसतेच खांदे हलवले.

तिथून जवळच्या उपाहारगृहात बसले. साधी जागा, संगमरवरी टेबलं, दोनशेच्या आत पोट भरतं. थालीपीठ आणि पीयूष घ्याच, असं तुम्हाला सांगेन. मला तिखट आणि गार दोन्ही मना, म्हणून मी मऊ उपमा खात बसले होते. वेटर माझ्याशी मोठमोठ्याने बोलत होता. मुकं माणूस बहिरंही असतं, असं बहुतेकांना वाटतं. इतक्यात गल्ल्यावरच्या मालकांच्या फोनमधून माझा आवाज आला. मी रजेवर, म्हणून जुना कार्यक्रम परत लावला होता.

मी चमचा खाली ठेवला. मालक शेजारच्या गिऱ्हाइकाला सांगत होते, “या बाईंचं आपल्याला कळतं. मध्येच थांबतात बघा, श्वास घेतात. थांबल्या की समजायचं, आता कामाचं सांगणार.” गिऱ्हाईक म्हणालं, हल्ली जुनेच कार्यक्रम लावतात, बाईंनी सोडलं वाटतं.

मी इथे बसलेय, मी सोडलेलं नाही, असं ओरडून सांगावंसं वाटलं. फोन हातात घेतला, ‘ती मीच’ असं टाइपही केलं. पण ॲपच्या त्या गुळगुळीत आवाजात हे ऐकून कोण विश्वास ठेवणार? ते पुसलं, पैसे दिले आणि बाहेर आले. त्या दिवशी मला खरी भीती वाटली. चौपाटीवर बराच वेळ बसले, पण समुद्राकडे लक्ष नव्हतं. निर्मात्याने पाठवलेला नमुना कानाला लावून परत परत ऐकत होते. आवाज हुबेहूब माझा होता. श्वास मात्र कुठेच नव्हता.

सोमवारी सकाळी निघायच्या आधी मामाने देवापुढे नारळ ठेवला. आम्हा कोकणातल्या लोकांत कुठलंही मोठं काम असलं की गाऱ्हाणं घालतात. घरातला मोठा माणूस देवाला सगळं साकडं मोठ्याने सांगतो आणि प्रत्येक मागणीनंतर बाकीचे ‘व्हय म्हाराजा’ म्हणून दुजोरा देतात. मामी, शेजारीण, तिची सून, सगळ्या हात जोडून उभ्या राहिल्या. मामाने टोपी सारखी केली.

“बा देवा म्हाराजा, ही आमची भाची. हिचो गळो जो काय बसलो हा, तो मोकळो कर रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” सगळ्या म्हणाल्या. मलाही म्हणायला हवं होतं, मागणं तर माझंच होतं. मी हळूच फोनचं बटण दाबलं. ॲप बातम्या सांगितल्यासारखं म्हणालं, “व्हय महाराजा.”

मामी ओठ चावून हसू दाबत होती. मामा हसला नाही. “ह्यां यंत्र बोललां,” तो म्हणाला. “तू नाय बोललंस. देवाक माणसाचो व्हय लागता.” मग माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाला, “नारळ हंयच ऱ्हवांदे. बोलाक लागलंस काय मगे वाडवू.”

लालबागहून परळचं रुग्णालय पायी जाण्याजोगं आहे, पुलाखालून सावलीसावलीने जा. मामी सोबत आली. बाहेर बाकावर तिने माझा हात धरून ठेवला होता. आत डॉक्टरीणबाईंनी घशात कॅमेरा घातला, मला ‘आ’ करायला लावलं आणि पडद्याकडे बघत गप्प राहिल्या. इतरांना थांबून थांबून सांगणारी मी, पण ते त्यांचं थांबणं मला सोसवेना.

“छान जुळलेत तंतू,” त्या शेवटी म्हणाल्या. “आवाज थोडा जाडसर येईल, पण तुमचाच येईल. नाव सांगा बघू तुमचं.”

मी नाव सांगितलं. घोगरं, पितळी डब्यात बोलल्यासारखं, अर्धं फुटलेलं. पण आलं. मी तिथेच रडले, आणि बाईंनी रडतानाही गळ्यावर ताण देऊ नका म्हणून बजावलं. दिवसातून थोडं थोडंच बोलायची मुभा मिळाली. बाहेर मामीला नुसती मान हलवून सांगितलं, तर ती माझ्या गळ्यात पडली. छातीवरचा धोंडा उतरला, असं आपण उगाच म्हणत नाही. परतताना त्याच मिरचीच्या गल्लीपाशी माझं नाक चुरचुरलं, तेव्हा मी खुशाल एक छोटासा खोकला खोकले. फार बरं वाटलं.

घरी मामा नारळाजवळच बसला होता, पेपर उलटा धरून. मामीच्या चेहऱ्यावरूनच तो काय ते समजला. उठून टोपी घातली आणि तेच गाऱ्हाणं पहिल्यापासून सुरू केलं. तो थांबला तेव्हा बाकीच्याही थांबल्या, माझ्यासाठी.

“व्हय म्हाराजा,” मी म्हणाले. माझाच आवाज मला अनोळखी वाटला. मामाने नारळ वाढवला, पाणी जमिनीवर उडालं, आणि तो देवाकडेच तोंड करून डोळे पुसत राहिला.

पुण्याला परतल्यावर निर्मात्याला लिहून कळवलं नाही, फोनच केला. यंत्राचा आवाज नको म्हटलं, तर तो म्हणाला, तुमचा आवाज बदललाय, श्रोत्यांना खटकेल. खटकू दे, म्हटलं. आता मी जरा जास्त थांबते, कारण मला जास्त श्वास लागतो. लालबागहून आणलेला मसाला डब्यात आहे, प्रसादाचं खोबरं कधीच संपलं.

पहिला कार्यक्रम गेला त्या दुपारी फोन वाजला. मामाकडून आवाजी संदेश आला होता, त्याच्या आयुष्यातला पहिला. मामीने बटण दाबून फोन त्याच्यापुढे धरला असणार. आधी नुसतीच खरखर, मग त्याचं घसा साफ करणं, मग मोठा श्वास. मला वाटलं, आता तो बंद करणार.

“व्हय म्हाराजा,” मामा म्हणाला.