सहाव्या अडथळ्यापर्यंत

शर्यतीचा फॉर्म मोबाइलवरच भरायचा होता. नाव, वय, रक्तगट, घरच्या कुणाचा तरी नंबर, आणि त्याखाली एक प्रश्न : आपल्याला कोणता आजार आहे का? मैत्रिणीनं फोन माझ्या हातात दिला.

"तूच भर. मला पुढची ओळ सापडत नाय."

मी तिच्याकडं बघितलं. ती खिडकीकडं तोंड करून बसली होती. मी 'नाही'वर बोट टेकवलं आणि फॉर्म पाठवून दिला.

कॉलेजात आम्ही दोघी खो-खो खेळायचो. मी बरी होते, ती लई नामी होती. खांबाला वळसा घालताना तिचं अख्खं अंग जमिनीशी असं तिरकं व्हायचं की बघणाऱ्याला वाटावं, आता ही पडणार. ती कधी पडली नाही. पुढं मी वाळूजच्या एका कारखान्यात पॅकिंगला लागले, लग्नानंतर बजाजनगरात राहायला आले. ती गारखेड्यातल्या एका शाळेत खेळाची बाई झाली. वीस वर्षं शिट्टी गळ्यात घालून मैदानावर उभी होती.

चाळिशी ओलांडली आणि ती माणसांना धडकायला लागली. दाराच्या कडेला, मैदानावरच्या पोरींना, भाजीच्या गाड्याला. सुरुवातीला आम्ही हसलो. मग डॉक्टरांनी सांगितलं की डोळ्याचा आतला पडदा कडेकडून मरत चाललाय, आणि त्यावर औषध नाही. ती मला म्हणाली, "बांगडीतून बघितल्यासारखं दिसतंय. बांगडीच्या आत सगळं लख्ख. बाहेर काहीच नाय." ही गोष्ट फक्त तिच्या नवऱ्याला आणि मला माहीत होती. शाळेत तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. पोरगी अंगावर आदळली की ती उलट तिच्यावरच खेकसायची, "बघून चालता येत नाय का?"

अशात वेरूळच्या पुढच्या डोंगरावर चिखलातली शर्यत होणार असल्याची जाहिरात तिच्या फोनवर आली. बारा अडथळे. भिंती चढायच्या, दोराखालून सरपटायचं, पाण्याच्या खड्ड्यातून पलीकडं जायचं. जोडीनं भाग घ्यायचा.

"एकदा," ती म्हणाली. "एकदाच. मग पुन्हा म्हणणार नाय."

तिच्या नवऱ्यानं मला फोन केला. मऊ बोलणारा माणूस. "तुम्ही तिला नाही म्हणा. माझं ऐकत नाही ती." मी म्हणाले, "म्हणते." आणि म्हटलं नाही. खरं सांगायचं तर मलाही जायचं होतं. बांगडी बारीक होत चाललीय हे मला रोज दिसत होतं, आणि एक दिवस तरी ते नाही असं धरून वागायचं होतं. तिच्यापेक्षा मलाच ते जास्त हवं होतं की काय, हे मी अजून ठरवू शकलेले नाही.

दीड महिना आम्ही सकाळी सराव केला. मी पुढं, ती मागं. मी भडक पिवळा टी-शर्ट घालायचे. तो तिच्या बांगडीत राहिला की ती माझ्या मागं सरळ पळायची. "खाली" म्हटलं की वाकायचं, "दगड" म्हटलं की पाय उचलायचा. आठवडाभरात ती मला मागं टाकायला बघायला लागली. "हळू नको गं पळू माझ्यासाठी," ती म्हणायची. मी हळू पळत नव्हते.

शर्यतीच्या सकाळी डोंगरावर ढग उतरले होते. आदल्या दिवशी पाऊस झाला होता आणि पायथ्याची काळी माती बुटांना अशी धरत होती की दहा पावलांत पाय जड. मोठ्या स्पीकरवर गाणी चालली होती, त्यातच एक माणूस सूचना सांगत होता. आमच्यासोबत बहुतेक पंचविशीतली मंडळी होती. तिनं माझा हात घट्ट धरला होता, पण चेहरा मैदानावरचा, कॉलेजातला होता. मला तो बघून इतका आनंद झाला की मी बाकीचं सगळं विसरले.

पहिली फळ्यांची भिंत ती माझ्याआधी चढली. दुसरा अडथळा वाळूची पोती घेऊन चढण चढण्याचा होता, तोही झाला. तिसऱ्याला दोरखंडाच्या जाळीखालून चिखलात सरपटायचं होतं. आम्ही पोटावर झोपून, कोपरांनी स्वतःला ओढत पुढं गेलो. मागून तिचं हसणं ऐकू येत होतं. नाकातोंडात चिखल गेला तरी ती हसत होती.

बाहेर येऊन मी उभी राहिले आणि खाली बघितलं. टी-शर्ट पिवळा राहिला नव्हता. माझ्या पुढची, मागची, सगळी माणसं एकाच रंगाची झाली होती.

हे आमच्या दोघींच्याही डोक्यात आलं नव्हतं. दीड महिन्यात एकदाही नाही. आम्ही चिखलाच्या शर्यतीचा सराव कोरड्या मैदानावर केला होता.

मी मागं वळले तेवढ्यात मागून आलेला घोळका आमच्या मधून गेला. ढगही खाली आला. मी तिला हाका मारल्या, पण स्पीकरपुढं माझा आवाज काय पुरणार. चौथ्या अडथळ्याजवळ ती सापडली. एका अनोळखी बाईचा टी-शर्ट मागून धरून चालत होती. ती बाई "अहो सोडा ना" म्हणत होती, आणि ही तिला म्हणत होती, "अगं किती जोरात चालतीस."

मी तिचा हात धरला. तिला कळलं.

"चल परत," मी म्हणाले. "बास झालं."

"नाय."

"मला श्वास लागतोय."

"तुला नाय लागत. खोटं बोलू नको माझ्याशी." मग खालच्या आवाजात, "अजून थोडं जाऊ दे ना. हाताला धरून ने."

मी तिला हाताला धरून नेलं. चौथा आणि पाचवा अडथळा आम्ही बाजूनं वळसा घालून टाळला. तिला ते कळत होतं. तिचा चेहरा मघाचा राहिला नव्हता. शर्यत तिथंच संपली होती, आम्ही फक्त चालत होतो.

सहावा अडथळा म्हणजे घराच्या छपरासारखी उभी केलेली बल्ल्यांची उंच चौकट. दोन्ही उतारांवर जाड दोरांची जाळी. एका बाजूनं चढायचं, आढ्यावरून पाय टाकायचा, दुसऱ्या बाजूनं उतरायचं. तिनं जाळीला हात लावला आणि म्हणाली, "हे जमतंय मला. याला डोळे कशाला लागतात?" मी थांबवायच्या आत ती चढायला लागली. हातानं दोर चाचपून, पायानं गाठ शोधून, भराभर. बाकीचे अडखळत होते आणि ती वर पोचली. आढ्यावरून पलीकडं गेली. मी तिच्या मागं होते. माझा एक पाय अलीकडं, एक पलीकडं, आणि छाती भात्यासारखी चाललेली.

खालून एक बाई आपल्या मैत्रिणीला ओरडली, "सोड आता हात! आली जमीन!"

ती मैत्रीण शेजारच्या दोरावर, अगदी खाली होती. हिला वाटलं, मी शेजारून खाली उतरलेय आणि मीच ओरडले. हिनं हात सोडले.

दीड माणूस उंचीवरून ती पडली. खाली वरवर चिखल होता, चिखलाखाली मुरूम आणि दगड. मी कशी उतरले आठवत नाही. तिचा डावा हात अंगाखाली गेला होता, भुवईवरून रक्त येत होतं. डोळे उघडे होते. तिनं पहिल्यांदा विचारलं ते हातापायाचं नाही.

"कुणी बघितलं का?"

"नाही," मी म्हणाले. आमच्याभोवती वीसेक माणसं उभी होती.

प्रथमोपचाराचा माणूस आला. पन्नाशीचा, शांत. त्यानं जखम पुसली, मनगट बघितलं, मग डोक्याला मार लागलाय का म्हणून तिच्या चेहऱ्यासमोर, पण जरा बाजूला, हात धरला. "ताई, किती बोटं?"

"कुठं?" ती म्हणाली.

त्यानं हात सावकाश मधे आणला. "तीन," ती एकदम म्हणाली. त्यानं पुन्हा बाजूला नेला. ती सरळ समोरच बघत राहिली. त्यानं हात खाली घेतला आणि माझ्याकडं वळला.

"यांना बाजूचं दिसत नाही. तुम्हाला माहीत होतं?"

मी तोंड उघडलं. पण शब्द फुटायच्या आधी तीच बोलली, "तिला नाय माहीत. मी कुणालाच सांगितलं नव्हतं."

आणि मी गप्प बसले. व्हय म्हणाले असते तर काय झालं असतं? काहीच नाही. त्यानं मान हलवली असती. तरी मी गप्प बसले आणि त्यानं मला सहानुभूतीनं पाण्याची बाटली दिली. मी ती घेतली.

बघ्यांमध्ये तिच्या शाळेतल्या एका मुलीचे वडील होते. सोमवारपर्यंत शाळेला कळलं. कुणी वाईट बोललं नाही. मुख्याध्यापिका घरी येऊन गेल्या, म्हणाल्या की मैदानावर मुलींची जबाबदारी असते, तुम्हीच समजून घ्या. तिनं समजून घेतलं. आधी ग्रंथालयात बसवलं, मग ती रजेवर गेली आणि परत गेली नाही. मनगट जुळलं ते थोडं वाकडंच. तिच्या नवऱ्यानं मला एका शब्दानं विचारलं नाही. मी गेले की दार उघडतो, "या" म्हणतो आणि आतल्या खोलीत निघून जातो.

शर्यतीला गेलो नसतो तर तिला आणखी दोनेक वर्षं मैदानावर काढता आली असती, असं मी मनाशी धरते. कधी वाटतं, आली नसती. दोन्हींतलं कुठलंही खरं असलं तरी माझ्या झोपेला त्याचा काही उपयोग होत नाही.

ती मला कधीच दोष देत नाही. त्या दिवसाचा विषयही काढत नाही. मी एकदा काढला. म्हणाले, "मी त्या माणसाला सांगायला हवं होतं." ती म्हणाली, "कुठल्या माणसाला?" आणि चहा टाकायला उठली. तिला आठवत होतं. भिंत धरत स्वयंपाकघरात गेली. पांढरी काठी तिच्या नवऱ्यानं आणलीय, ती कपाटामागं उभी आहे, वरचं प्लास्टिकही काढलेलं नाही.

आता मधलंही धूसर झालंय. मी महिन्यातून दोन रविवार जाते. आधी चारही जायचे. मागच्या खेपेला ती मेथी निवडत बसली होती. मीही शेजारी बसले. ती पानं बोटांनी चाचपून खुडत होती, भराभर, आणि टोपलीत टाकत होती. टोपलीत मेथीबरोबर गवताच्या काड्या जात होत्या, एक-दोन पिवळी सडकी पानंही. मी ती एकेक करून उचलत होते, आवाज न करता, आणि मुठीत धरत होते.

"नीट होतीय ना?" तिनं विचारलं.

"एकदम स्वच्छ," मी म्हणाले.

ती खुडत राहिली. माझी मूठ भरत आली होती आणि ती कुठं रिकामी करावी ते मला कळत नव्हतं.