शेवटची चार मिनिटं

माझं कामच मुळात शंका घेण्याचं आहे. बेंगळूरुजवळ बोम्मसंद्र्याला औषधांच्या एका कारखान्यात गेली एकोणीस वर्षं मी क्वालिटीमध्ये आहे. कुणी काही सांगितलं की माझा पहिला प्रश्न असतो, "कागद दाखवा." घरात कुणी अंगात येण्याच्या, स्वप्नात दिसण्याच्या गोष्टी काढल्या की मी उठून चहा ठेवायला जाते. तेव्हा हे सगळं मी इथे का लिहिते आहे, असं माझ्या ओळखीच्या लोकांना वाटेल. मलाही वाटतंच आहे. तरी जे झालं ते जसंच्या तसं लिहिते.

मी मूळची निपाणीची. लग्नानंतर बेंगळूरुला आले, सहा वर्षांपूर्वी घर बदललं, तेव्हापासून राजाजीनगरमध्ये राहते. गेल्या मे महिन्यात ऑफिसातल्या एका मैत्रिणीने एका शिबिराची माहिती पाठवली. कनकपुरा रोडच्या आत, फणसाच्या झाडांमध्ये एक जुनं प्रशिक्षण केंद्र आहे, तिथे आठवडाभर तत्त्वज्ञानावर चर्चा. विषय होता 'माझं मन आणि दुसऱ्याचं मन'. दुसऱ्याच्या मनात काय आहे हे आपल्याला खरंच कळू शकतं का... असं काहीसं. मुलगी हॉस्टेलला, नवरा टूरवर, रजा साठलेली. म्हटलं, जाऊ या.

साधारण चाळीस माणसं होती. सकाळी सगळ्यांचे फोन कापडी पिशव्यांत जमा व्हायचे, ते दुपारी जेवताना परत मिळायचे. पहिले तीन दिवस छान गेले. बरंचसं डोक्यावरून गेलं, पण कंटाळा आला नाही.

चौथ्या दिवशी सकाळी दहा वाजता एक वेगळा प्रयोग होता. शिबिर घेणाऱ्या प्रोफेसर मॅडमनी सांगितलं, "तिघातिघांचे गट करा. शक्यतो घरच्या भाषेतले." एकाने दहा मिनिटं आपल्या आयुष्यातलं काहीतरी सांगायचं. दुसऱ्याने मधे एक शब्द न बोलता ऐकायचं आणि मग तेच 'मी' म्हणून परत सांगायचं, जणू त्याचंच आहे. तिसऱ्याने फक्त बघायचं आणि टिपणं घ्यायची.

मराठी बोलणारे आम्ही तिघंच होतो. मी, मृणाल आणि अण्णा. मृणाल पुण्याची, आयटीतली, तिशीची. अण्णा म्हणजे मोहनराव, वय बहात्तर, हायस्कुलात गणित शिकवून निवृत्त झालेले. त्यांचं घराणं कैक पिढ्या बेंगळूरुचंच, चिकपेटमध्ये अजून राहतं घर आहे. त्यांच्या मराठीत निम्मं कन्नड. मी त्यांच्या मुलीच्या वयाची, तरी मला "अक्का" म्हणायचे.

हॉलच्या उत्तरेकडच्या खिडकीपाशी, लाल कोब्यावर चटई टाकून आम्ही बसलो. सांगायची पाळी माझी, ऐकायची अण्णांची. मृणाल भिंतीला टेकून वही घेऊन.

मी दादाबद्दल सांगितलं. माझा थोरला भाऊ. तरुणपणी तंबाखूच्या वखारीत होता, पुढे मोटार रिवाइंडिंगचं दुकान काढलं. बाबा लवकर गेले, मला त्यानेच शिकवलं. सहा वर्षांपूर्वी निपाणीच्या स्टँडजवळ भर दुपारी तो कोसळला, दवाखान्यात नेईपर्यंत संपलं होतं. मी दुसऱ्या दिवशी पोचले. एवढं सगळं सांगितलं आणि थांबले.

कारण पुढचं मी कुणालाच सांगितलं नव्हतं. नवऱ्यालासुद्धा नाही.

त्या दिवशी त्याने मला फोन केला होता. आमच्याकडे ऑडिट चाललं होतं. मी फोन उचलला, तो म्हणाला, "अगं ऐक —" आणि मी म्हटलं, "दादा, तुला वेळकाळ कळत नाही का? ठेव आता." आणि कट केला. तासाभराने तो गेला. त्याच्या फोनवर शेवटचं नाव माझं होतं. वहिनीने विचारलं, "काय म्हणाले ओ शेवटचं?" मी सांगितलं, रेंज नव्हती, काही ऐकू आलं नाही. तेव्हापासून वहिनीच्या डोळ्याला डोळा भिडवणं मला जमलं नाही. सणाला फोन, बस्स. पुढे तोही बंद झाला.

तर, मी थांबले. वेळ उरलेला होता. मी डोळे मिटून गप्प बसून राहिले. घंटा वाजली तेव्हा डोळे उघडले.

मग अण्णांनी सुरू केलं. माझंच सगळं, 'मी' म्हणून. वखार, दुकान, स्टँड. म्हातारा माणूस "माझ्या दादाने मला शिकवलं" म्हणतोय, ऐकायला विचित्र वाटत होतं, पण सगळं बरोबर होतं. आणि मग ते थांबलेच नाहीत.

"त्या दिवशी दादाचा फोन आलेला. मी ऑडिटमध्ये होते. वेळकाळ कळत नाही का, म्हणून रागावले आणि कापला. त्याला नवीन घराचा पत्ता पायजे होता. आईचं शिवणाचं पायमशीन त्याने दुरुस्त करून ट्रान्स्पोर्टच्या ऑफिसात आणलं होतं, माझ्याकडे पाठवायला. खणात चिंचोके ठेवले होते. उघडीन तेव्हा मी हसेन म्हणून. पत्ता नव्हता म्हणून तो तिथेच बाकावर बसला..."

मी म्हटलं, "अण्णा, हे कुणी सांगितलं तुम्हाला?"

ते गोंधळले. "तूच की, अक्का. आत्ता सांगितलीस न्हवं?"

"मी नाही सांगितलं."

"सांगितलीस. शेवटी स्वल्प हळू बोलत होतीस, म्हणून मी वाकून ऐकलो."

मी मृणालकडे बघितलं. तिने वही पुढे केली. घड्याळ बघून लिहायची तिला सवय. सहाव्या मिनिटापुढे लिहिलं होतं, 'गप्प. डोळे बंद.' आणि त्याखाली, 'अण्णा पुढे वाकलेत. मान हलवतायत. का?'

"ताई, तुम्ही खरंच काही बोलत नव्हता," मृणाल म्हणाली. "शेवटची चार मिनिटं... मला वाटलं अण्णा तुम्हाला धीर देतायत."

अण्णा दोघींकडे आळीपाळीने बघत राहिले. मग खिशातून रुमाल काढून त्यांनी चष्मा पुसला.

प्रोफेसर मॅडमना सांगितलं. त्यांनी तिघांना वेगवेगळं विचारलं, वही दोनदा वाचली. शांतपणे म्हणाल्या, "कदाचित तुम्ही नकळत पुटपुटला असाल. मन असं करतं कधीकधी."

मला ते पटलं असतं. फोन कापल्याचं मी पुटपुटले असेन, मान्य. पण मशीन? चिंचोके? जे मलाच माहीत नाही ते मी कसं पुटपुटणार? आईचं मशीन वहिनीकडे आहे, एवढंच मला ठाऊक होतं.

उरलेलं शिबिर सोडून दुसऱ्या दिवशी पहाटेच्या बसने मी निपाणीला निघाले. पोचले तेव्हा अजून ऊन होतं. शैलावहिनी अंगणात कुरडया काढत होती. मला बघून उठली. पाणी आणून दिलं.

मी पायरीवर बसून विचारलं, "वहिनी, आईचं मशीन कुठाय?"

तिचा चेहरा एकदम उतरला. "तुमाला कुणी सांगितलं?"

"काय?"

मग ती बोलली. दादा कोसळला तो स्टँडजवळच्या ट्रान्स्पोर्टच्या ऑफिसात. मशीन तिथेच होतं. पंधरा दिवसांनी, मी बेंगळूरुला परतल्यावर, त्यांनी टेम्पोने ते घरी आणून टाकलं. पावती नाही, पत्ता नाही, कुणाला पाठवायचं ते तिथे कुणालाच माहीत नाही.

"मला वाटलं, इकायला न्हेलं हुतं," वहिनी म्हणाली. "मला न सांगता. सासूबाईंचं मशीन. सहा वर्सं मनात धरून बसले मी, वन्सं. मेलेल्या माणसावर राग धरून बसले."

मशीन मागच्या खोलीत पोत्याखाली होतं. खण गंजून अडकलेला. तिने तो कधी ओढूनही बघितला नव्हता. दादाच्याच पेटीतला स्क्रू-ड्रायव्हर घालून आम्ही दोघींनी तो उचकटला. आत वर्तमानपत्राची पुडी होती. वहिनीने सोडली... चिंचोके. लहानपणी मशीनच्या पायपट्टीवर बसून आम्ही खेळायचो तसले, एका बाजूने घासून पांढरे केलेले. खेळून झिजलेले नव्हते, नुसतेच घासलेले होते. त्याने मुद्दाम बसून घासले असणार.

मग मी तिला सगळं सांगितलं. रेंज होती. मी फोन उचलला होता. मी काय म्हणाले तेही सांगितलं, शब्द न बदलता. ती मला घराबाहेर काढेल अशी माझी तयारी होती.

तिने पुडी परत बांधली. मग म्हणाली, "म्हंजे तुमचा आवाज कानावर पडला त्यांच्या. मला वाटायचं, कुणीच उचलला न्हाई फोन. एकटेच गेले."

त्या संध्याकाळी आम्ही दोघी पहिल्यांदा एकत्र रडलो. दादा गेला तेव्हाही असं रडलो नव्हतो.

मशीन आता राजाजीनगरला आहे. वहिनी दिवाळीत येऊन पंधरा दिवस राहून गेली.

परत आल्यावर मी अण्णांच्या घरी गेले, चिकपेटला. खण, पुडी, सगळं सांगितलं. ते कधी निपाणीला गेलेले नाहीत, तिथलं कुणी त्यांच्या ओळखीचं नाही. ऐकून त्यांनी हात जोडले. "मला काय कळत नाही, अक्का. ऐकलो तेवढं सांगितलो."

निघताना चपला घालता घालता मी विचारलं, "अण्णा, त्या चार मिनिटांत आवाज कुणाचा होता? माझाच?"

"तुझाच की," ते म्हणाले. "फक्त मधेमधे खोकत होतीस. पाणी देऊ का म्हणून विचारणार होतो, पण बोलायचं नव्हतं ना मधे."

वखारीत काम केल्यापासून दादाला खोकला होता. शेवटपर्यंत गेला नाही. मी त्याबद्दल एक अक्षर सांगितलेलं नव्हतं, आणि त्या सकाळी मी एकदाही खोकले नाही. मृणालला फोन करून खात्री केली. तिच्या वहीतही नाही.

कागद बघितल्याशिवाय मी कशावर सही करत नाही. इथे कागद आहे, त्यावर 'गप्प' लिहिलंय. आणि अण्णा खोटं बोलत नाहीत, हेही मला माहीत आहे. दोन्ही खरं कसं असेल, ते मला सांगता येत नाही.