साहेबाची खुर्ची

भाऊजी गेल्याचा फोन आला तेव्हा मी त्यांच्याच जुन्या खुर्चीत बसून वाल सोलत होते. भाऊजी म्हणजे माझे दीर, भोरच्या कोर्टातले वकील. एकोणीसशे सत्तरच्या आसपास, मी नवी सून असताना, त्यांना भलताच नाद लागला होता... परदेशी जाऊ पाहणाऱ्या पैलवानांना, वाजंत्र्यांना पासपोर्ट-व्हिसा मिळवून द्यायचा. जमिनीचे दावे सोडून हे कशाला, याचं मला भारी कुतूहल.

मुंबईच्या परदेशी वकिलातीतल्या मुलाखतीची तालीम घरीच व्हायची, आणि साहेब व्हायचे मी. मॅट्रिकला इंग्रजीत काठावर पास झालेली बया नवऱ्याचा कोट चढवून या खुर्चीत पायावर पाय टाकून बसे. काय तो तोरा! एकदा हिर्डोशीचे गेनूमामा सनईवाले समोर आले. एका कलापथकाबरोबर परदेशी जायची त्यांना ही एकच संधी होती. पण यांच्या तोडीचा दुसरा नाही, असं साहेबाला पटलं तरच व्हिसा.

"तुम्ही कसं वाजवता?" मी दरडावून विचारलं.

"आमी काय, लगनात फुंकतो जरा."

"नामंजूर."

पुन्हा विचारलं, पुन्हा तेच. "अहो मामा, लई भारी वाजवतो म्हणा की."

"न्हाई बा, वैनी. आपल्याच तोंडानं? जीभ झडंल."

हे काही जात नाहीत, असा निकाल मी मनात लावूनही टाकला. भाऊजी सुपारी कातरत ऐकत होते. मग सहज म्हणाले, "मामा, तुमचे वस्ताद कसे वाजवायचे हो?"

मामा ताठ बसले. वस्तादांची सनई सुरू झाली की वाटेनं निघालेलं परकं वऱ्हाड थांबायचं, रडकं पोर गप व्हायचं, नवरीचा बाप मांडवामागं जाऊन डोळं पुसायचा... त्यांना आवरेना. सगळं ऐकून भाऊजींनी हळूच विचारलं, "आणि हे त्यांनी शिकवलं कुणाला?"

"मला एकट्याला," मामा म्हणाले, आणि स्वतःच दचकले.

"झालं तर. मुंबईला एवढंच बोला. स्वतःचं काही सांगू नका."

मामा व्हिसा घेऊनच परतले. म्हणाले, "साहेब शेवटी हात जोडून म्हनलं, पुरे आता."

त्या फोननंतर परवा पुन्हा याच खुर्चीत वाल सोलत बसले होते, आणि दारात आलेल्या अबोल भाजीवालीकडून तिची सगळी कहाणी काढून घेतली, तेव्हा नातीनं विचारलं, "आजी, तू माणसांना बोलतं करायला कुठं शिकलीस?" मग मी भाऊजींचं सांगत सुटले. वाल तसेच राहिले.

"आणि त्यांनी हे शिकवलं कुणाला?" कार्टीनं विचारलं.

मी काही दचकले नाही. खुर्चीत मागं रेलून पायावर पाय टाकला... गुडघा कुरकुरला, पण टाकला. आणि म्हटलं, "मला."