मुक्या दिवसांतली टकटक

माघातली ती सकाळ गावातल्या बाकीच्या मुक्या दिवसांसारखीच होती. कौलानं लोखंडी शेगडीत देवदाराच्या दोन ढलप्या आवाज न करता सरकवल्या आणि परात गोधडीवर ठेवून सिड्डूची, वाफेवर उकडायच्या रोट्यांची, कणीक मळायला घेतली. खाली गोठ्यात गाय हलली, पण तिच्या घंटेचा लोलक लोकरीनं बांधलेला होता. नवऱ्याचा, लोतरामचा, देवापुढं वाजवायचा ढोलही खुंटीवर गप्प लटकत होता. देव संक्रांतीला स्वर्गात गेलेला. बेचाळीस दिवस तो परतत नाही. तोवर शेतात कुदळ नाही, रेडिओ नाही, मोठ्यानं बोलणं नाही, आणि कुणाला नावानं हाक तर मुळीच नाही. राखणदार गावात नसताना हाक मारली की भलतंच कुणीतरी ओ देतं, असं सगळे मानतात. शेजारी गेलं तरी कडी हळूच उचलायची आणि आत शिरायचं.

म्हणून दारावर टकटक झाली तेव्हा कौलाचे हात कणकेतच थांबले.

दोनदा ठोठावलं. मग जरा थांबून तिसरी टकटक, हलकी, जणू ठोठावणाऱ्याचा हात भरलेला आहे. सशाची टोपली कडेवर असली की लेक शाउणी अशीच ठोठावायची. अकरा वर्षं झाली त्याला.

लोतरामनं मानेनंच नको म्हटलं. कौला उठली होती.

दारात बर्फ झटकत एक तिशीचा माणूस उभा होता, खांद्याला फाइलींची पिशवी. "नमस्कार, मी देसराज. पर्यटन कचेरीतून—"

"हळू बोल, बाबा," लोतराम आतून कुजबुजला. "वर देव नाही. खाली ऐकणारे मात्र पुष्कळ आहेत."

"माफ करा, काका. मी बंजारकडचा. आमचा देव असा रजेवर जात नाही."

"तुमच्या देवाला कामं कमी असतील. ये आत, दार लाव."

देसराज शेगडीपाशी टेकला. कौलानं त्याला चहा दिला. कचेरी जिल्ह्याची पुस्तिका काढत होती. राजांचा इतिहास, ऋषींच्या गुहा, गरम पाण्याची कुंडं, खिंडी, धबधबे, सगळं त्यात. छपाई आठवड्यावर आली होती आणि फोटोत ज्यांचे चेहरे दिसतात त्यांच्या सह्या राहिल्या होत्या. "खालच्या चहावाल्यानं तुमचं घर दाखवलं. ही तुमची मुलगी ना, काकी?"

त्यानं पान पुढं केलं.

मागं धबधबा. पुढं अंगाला गुंडाळलेला लाल चौकटींचा लोकरी पट्टू, डोक्याला रुमाल, छातीशी पांढरा ससा. ससा नीट दिसावा म्हणून किंचित वळलेली मान. कौलानं हात पदराला पुसले, पुन्हा पुसले, तरी कागदाला हात लावला नाही.

सतराव्या वर्षी कौला नदीपलीकडून लग्न होऊन या घरात आली. सफरचंदं वेचली, पेट्या भरल्या. मग धबधब्यापाशी गाड्या यायला लागल्या तेव्हा तिनं एक ससा आणि भाड्यानं द्यायला चार पट्टू घेतले. पट्टू नेसवायची कौला, सशासकट शेजारी उभी राहायची शाउणी. पोरीला बंगाल्यांशी बंगालीत, गुजरात्यांशी गुजरातीत हसता यायचं. किती नवरानवरींच्या मध्ये, किती आज्यांच्या बाजूला ती उभी राहिली. ते फोटो लोक घेऊन गेले. अर्ध्या देशाच्या कपाटांत कौलाची मुलगी आहे. घरात मात्र एकही नाही. शाळेच्या ओळखपत्रावर होता तो तिच्या पिशवीत होता. श्रावणात नाल्याला पाणी आलं, शाउणी सशाची टोपली आणायला मागं वळली, आणि मग ना टोपली दिसली ना पिशवी ना ती. देह सापडला नाही म्हणून लोकांनी गवताची बाहुली करून जाळली. त्याच वर्षी, पुराआधी, देव परतल्यावर देवळात तो जाताना पसरलेल्या मातीच्या थराखाली फूल निघालं होतं. सालभर सुख, असा त्याचा अर्थ. लोतरामनं त्या दिवशी सगळ्यांत जोरात ढोल बडवला होता.

"घरात आहे का ती?" देसराजनं विचारलं. "नसेल तर कधी येईल?"

शेगडीतलं लाकूड तडकलं आणि लोतराम दचकला.

"नाही येणार," तो म्हणाला. "पाण्यात गेली."

देसराजनं चहाचा पेला खाली ठेवला. "मला ठाऊक नव्हतं, काका. मग राहू दे. मी इथं दुसरा फोटो टाकतो, नुसत्या बर्फाचा." तो पान पिशवीत सारू लागला. "आई म्हणून अंगठा दिलात तर चालेल तसं. पण जबरदस्ती नाही."

"नको," लोतराम कौलाच्या कानाशी लागला. "देव नसताना दार वाजवून आलेली गोष्ट घरात घेऊ नये. जाऊ दे तिला."

"तिला?" कौला म्हणाली.

लोतराम खाली बघू लागला.

"अकरा हिवाळे दाराकडं कान देऊन बसते मी. तूही बसतोस. झोपल्याचं सोंग तेवढं माझ्यापेक्षा बरं करतोस." तिनं देसराजच्या हातून पान काढून घेतलं आणि पहिल्यांदा त्यावर बोट ठेवलं. रुमालाखाली, डाव्या भुवईवर, लहानपणी उंबऱ्यावर पडल्याची खूण होती. ती कुठल्या बाजूला, हे गेली दोन वर्षं तिला आठवत नव्हतं. "इथं खाली काय लिहिलंय?"

"धबधब्यापाशी स्थानिक पोशाखातली तरुणी."

"आणि त्या वरच्या म्हाताऱ्याच्या चित्राखाली?"

"तो राजा. त्याचं नाव आहे."

कौलानं शाईत अंगठा बुडवला आणि त्यानं दाखवलेल्या जागी टेकवला. लोतरामनं तिचं मनगट धरलं होतं, ते हळूच सोडलं.

"शाउणी," ती म्हणाली. कुजबुजून नाही, नेहमीच्या आवाजात.

माळ्यावरची फळी करकरली. खाली गाय उठून उभी राहिली. तिघांपैकी कुणीही वर बघितलं नाही. लोतरामचा हात खुंटीवरच्या ढोलावर जाऊन पडला होता आणि तिथंच राहिला.

"लिहून घे," कौला देसराजला म्हणाली. "फोटोखाली तरुणी नको. तिचं नाव छापा."